पंपाकडचे पाहुणे

आमच्या वहिनी ट्रॅक्टरचा सुटा भाग कधी विकत आणत नसत. मुलगी मागायला जावं तशा त्या तो मागायला जात. पिशवीत नारळ, खण, आणि जे मिळेल ते गुंडाळायला मऊ पडलेलं एक जुनं लुगडं. मोटारसायकल मी चालवायचो. परक्या अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरकडे त्या आधी बघायच्यासुद्धा नाहीत. ओसरीवर बसायच्या, पाणी प्यायच्या, पोरंबाळं विचारायच्या. मग हळूच म्हणायच्या, "तुमच्याकडं तिला काय म्हणून हाक मारायचे?"

लोक हसायचे. पण नाव प्रत्येक घरात निघायचंच.

आमच्या ट्रॅक्टरचं नाव तांबडी. माझ्या थोरल्या भावाने, दादांनी, तरुणपणी घेतलेला तो ट्रॅक्टर; त्याची कंपनी केव्हाच बंद पडली आणि पुढे तोही बंद पडला. तो पुन्हा चालू करायचा, हे दादा मरेपर्यंत म्हणत राहिले. ते गेल्यावर सगळ्यांचं मत पडलं, भंगारात द्यावा. माझंही तेच पडलं. वहिनी म्हणाल्या, "त्यांचं ऱ्हायलेलं एकच काम हाय. तेवढं हुदे." आणि पदर खोचून त्यांनी पाना हातात घेतला. दादांच्या हाताखाली पाने देता देता त्या बरंच शिकल्या होत्या. अडलं तर गावातला मिस्त्री होता.

मंचरला दुकानात जुन्यासारखे बनवलेले नवे भाग मिळत. मी तसं सुचवलं की त्या माझ्याकडे रोखून बघायच्या. "डुप्लिकेट नको, भावजी. घरात हायेत तेवढी बास झाली."

आणलेल्या भागाला त्या घराचंच नाव राही. दिवा ओतूरच्या मावशींचा, स्टीअरिंग घोडेगावच्या गुरुजींचं, डिझेल पंप बेल्ह्याच्या अण्णांचा. संक्रांतीला त्या सगळ्या घरी तिळगूळ जायचा. आमच्याकडे येणाऱ्या लग्नपत्रिकांतल्या निम्म्या अशा सुट्या भागांकडच्या असत, आणि वहिनी त्या लग्नांना आहेर घेऊन जायच्या.

खंडेनवमीला आमच्या घरी विळ्याला, कोयत्याला, फवारणीच्या पंपाला, अगदी माझ्या मोटारसायकललाही झेंडूचा हार असायचा. तांबडीला नसायचा. एका वर्षी मी घालायला गेलो तर त्यांनी हात धरला. "बंद गाडीला हार घालत न्हाईत. हार फोटोला घालत्यात."

हे सगळं मी बघत होतो, आणि मला काही वाटत नव्हतं. दादा गेले तेव्हा मी तिरडी बांधली, पाहुण्यांचा चहा बघितला, दहाव्याला घाटावर गेलो, दुसऱ्या दिवशी जुन्नरला कामावर हजर झालो. रडलो नाही. लोक म्हणाले, गडी घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नव्हतो. पाय बधिर व्हावा तसा आतून बधिर झालो होतो. वहिनींनी मला कधी विचारलं नाही. त्यांनी मनाशी काय धरलं असेल, ते मला पुढे कळलं.

शेवटी फक्त रेडिएटर राहिला. तसाच ट्रॅक्टर लोणी-धामणीकडच्या माळावर एका म्हाताऱ्या बाबांकडे असल्याचं कळलं. आम्ही गेलो तेव्हा बाबा ट्रॅक्टरच्याच सीटवर बसले होते. एकेकाळी सगळी मेंढरं विकून त्यांनी तो घेतला होता. पुढे त्याचा पंप दुरुस्तीला म्हणून गेला तो मिस्त्रीसकट पसार झाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते असे वर चढून बसत.

वहिनींनी नाव विचारलं. "लक्षुमी," बाबा म्हणाले, आणि लगेच सावध झाले. "रेडिएटर मागू नका, बाई. बायकू मागा, दीन."

आतून म्हातारी ओरडली, "न्या वो पावणं, न्या मला! न्हाई तरी हितं कोण इचारतंय? सारा जीव त्या लोखंडात!"

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. रेडिएटरचा शब्द त्यांनी काढलाच नाही. निघताना खण आणि नारळ म्हातारीच्या ओटीत घातला. परतताना मंचरला कांद्याच्या ट्रकांमागे आम्ही बराच वेळ अडकून पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला तांबडीपाशी बोलावलं. त्या पंपाचे नट सैल करत होत्या. डिझेल सांडू नये म्हणून मला खाली घमेलं धरायला लावलं.

"वहिनी, हे काय?"

"उलटी सोयरीक. ह्यो पंप त्यांच्या लक्षुमीला. अण्णांना इचारलंय मी, फोन करून."

"अहो, मग आपली तांबडी?"

"भावजी, तांबडी चालू झाली तरी ऐकायला कोण हाय? ऐकणारा गेला. तिकडं ऐकणारा जित्ता हाय. रोज सांच्याला बसून वाट बघतोय."

मी होतो. दादा नांगरायचे तेव्हा लहानपणी मी मडगार्डावर बसायचो. घरी असलो तर आवाजावरून ओळखायचो, आता बांधापाशी वळले, आता विहिरीकडे गेले. तो आवाज मला हवा होता, हे त्या क्षणी मला कळलं. फक्त "मी आहे ना" एवढं म्हणायचं होतं. त्यांनी लगेच नट आवळले असते. पण तोंड उघडलं नाही. मी घमेलं धरून राहिलो. शेवटचा नट निघेना, तेव्हा जोर लावून तो मीच काढून दिला.

लक्षुमी चालू झाली तेव्हा बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. वहिनी ट्रॅक्टरकडे बघतच नव्हत्या. त्या बाबांच्या तोंडाकडे बघत होत्या.

पुढच्या पावसाळ्यात वहिनी गेल्या. थोडं आजारपण झालं, फार नाही. मी पुन्हा तिरडी बांधली, पुन्हा चहा बघितला. ओतूरच्या मावशी आल्या, गुरुजी आले, अण्णा आले. सगळे रडले. वहिनींच्या फोटोला मीच हार घातला, आणि हात तिथेच थांबला. मागे अंगणात तांबडी उभी होती, पंप नसलेली.

खंडेनवमीला मी हार घेऊन माळावर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. म्हातारीने पाट मांडला. शेजारचे दोघे-तिघे जमले होते, त्यांना मी कोण ते कळेना. बाबांनी रुबाबात सांगितलं, "पावणं पंपाकडचं हायेत. सोयरं हायेत आपलं."

लक्षुमीला हार घातला. बाबा सीटवर चढले आणि मडगार्डावर थाप मारून म्हणाले, "या, बसा हितं." मी बसलो. त्यांनी ट्रॅक्टर चालू केला. तोच आवाज. मडगार्ड मांडीखाली थरथरत होतं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"वहिनी, ऐकणारा मी होतो," मी म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो.

बाबांनी मान वळवली. "काय म्हन्लात?"

मी हातानेच खूण केली, बंद करू नका, चालू द्या.