बुडीच्या जागेचा कौल

माझा दीर बोटीवर नोकरीला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या चैत्रात तो रजेवर घरी आला, आणि पेटीतून साबण, टॉवेल असलं काहीबाही निघता निघता एक रबरी कडेची काच आणि एक वाकडी नळी निघाली. काच डोळ्यांवर बसवायची, नळी तोंडात धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खालचा समुद्र बघायचा. कुठल्याशा बंदरात गोरे लोक असं करताना त्याने पाहिले होते म्हणे.

"वयनी, पाण्याखाली बाग आसा, बाग!" तो म्हणाला.

मी तेव्हा दारापुढचं खळं सारवत होते. म्हटलं, बाबा रे, पाण्यावरची बाग मी एकटी शिंपून शिंपून मरतेय, ती बघ आधी.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या काचेकडे बघत राहिल्या.

त्याचं कारण असं. मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या कितीतरी आधी माझे सासरे एका सकाळी होडी घेऊन गरी टाकायला गेले, ते परत आलेच नाहीत. होडी सापडली, पालथी. ते सापडले नाहीत. माणूस असा नाहीसा झाला तर बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायची, ही आपल्याकडची रीत. ती बारा वर्षंही कधीच सरली होती. भाऊबंद सांगून दमले, मुंबईहून आमचे हे लिहून दमले. सासूबाई कपाळाला कुंकू लावून चुलीपुढे बसत आणि एकच विचारत, "माणूस खंय आसा ता कळल्याबिगर तेका पिंड खंय वाडू?" पितृपक्षात घरोघर कावळ्यांना घातलेल्या हाका ऐकू यायच्या आणि आमचं घर आपलं मुकं. मला लाज वाटायची. रागही यायचा, खोटं कशाला सांगू?

आणि असल्या घरात समुद्राचा तळ बघायला जायची भाषा! मला वाटलं, आता रडारड होणार. पण सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जा. पण जागो देवाक इचारून ठरवया."

आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय माणूस कूस बदलत नाही. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवी-डावीकडे सारख्या. आपण आपलं म्हणणं सांगायचं. नाहीतर नुसतं मनात धरायचं, तेही चालतं. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. यालाच कौल म्हणतात. आमच्या देवळाकडे जायला चढण, खाली तापलेली वाळू, वर चैत्राचं ऊन. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांचा हात धरायला मी. सकाळपासून पाणी, गुरं, जेवण, भांडी, आणि दुपारी हे. नवरा मुंबईला, दीर काच पुसत ओटीवर, आणि देवाची चढण माझ्या वाट्याला!

दिराने पहिली जागा सांगितली मालवणच्या किल्ल्यामागची. तिथे पाणी नितळ, होडीवाले सांगत होते. सासूबाईंनी मनात काय ते धरलं. आम्ही पाकळ्यांकडे डोळे लावून बसलो. डावी पडली.

"थंय नको," घरी आल्यावर त्या दिराला म्हणाल्या.

मग त्याने सर्जेकोटची बाजू सांगितली. पुन्हा चढण. पुन्हा डावी. "थंय नको." मग देवबागकडची. त्या दिवशी पाकळी पडायलाच तयार नव्हती. गुरव देवाला विनवून विनवून घामाघूम झाला, मी खांबाला टेकून डुलक्या काढल्या, आणि शेवटी पडली ती डावीच. दीर आधी हसत होता, मग धुसफुसायला लागला. "देवाक पोहता येता काय गे?" असं आईला विचारून एकदा शिव्या खाल्ल्या. रजा संपत चाललेली. शेवटी वैतागून तो काच लावून आमच्या विहिरीत उतरला आणि कुणाची तरी बुडालेली कळशी घेऊन वर आला. मी म्हटलं, चला, काहीतरी उपयोग झाला.

होडीवाल्यांकडे चौकशी करून तो पुन्हा एक जागा घेऊन आला. तोंडवलीच्या समोर, आत समुद्रात, ओहोटीला माथे काढणारे खडक. "चला, इचारा तुमच्या देवाक," म्हणाला आणि अंग टाकून पडला. मला त्या दिवशी कणकण होती. तरी गेले. अर्ध्या चढणीवर सासूबाई दम खायला बसल्या आणि माझा तोल सुटला.

"आई, तेका धाडूचा नाय तर सरळ नको म्हणा. देवाक कित्याक मदी घालतास? आणि माका कित्याक उनात भाजतास?"

त्यांनी पदराने मान पुसली. रागावल्या नाहीत.

"जाव काय नको, ह्या मी देवाक इचारूकच नाय, गो," त्या म्हणाल्या. "मी इचारतंय, आमचो माणूस थंय आसा काय. देव सांगता, नाय. तो नाय थंय माझ्या झिलान जावन काय करूचा?"

मला आधी उमगलंच नाही. मग उमगलं तशी मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही सगळे समजत होतो की या पोराला पाण्यापासून अडवतायत. पाण्याने नवरा नेला, आता मुलगा नेईल म्हणून. आणि ही बाई तर त्याला बापाच्या शोधावर धाडायला निघाली होती! इतकी वर्षं तिला समुद्राच्या आत बघू शकणारं कुणी भेटलंच नव्हतं.

"तेका सांगा नको," त्या म्हणाल्या. "बापाशीक सोदूचा म्हटला तर भियातलो."

मी हात धरून त्यांना उठवलं आणि वर घेऊन गेले.

त्या दिवशी उजवी पडली. लगेच. गुरवाचं देवाला घातलेलं गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं. वारा होता, की देवाच्या मनात होतं, की तोही माझ्यासारखाच दमला होता, देव जाणे. सासूबाईंनी खांब घट्ट धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही.

घरी येऊन त्या दिराला म्हणाल्या, "थंय जावया. मीय येतंय."

सासरे गेल्यापासून त्या होडीत बसल्या नव्हत्या, किनाऱ्यावरसुद्धा फिरकत नसत. दिराला वाटलं, आईची भीती मेली. खूश झाला तो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या माणसाची होडी घेऊन आम्ही निघालो. मी मध्ये, सासूबाई माझ्यासमोर, दोन्ही हात मांडीवर. पाणी पडून राहिल्यासारखं शांत होतं. मला अंगात ताप भरल्यासारखं वाटत होतं आणि हे सगळं एकदाचं संपू दे, काय व्हायचं ते होऊ दे, एवढंच मनात येत होतं. पण भीतीही होती. याला खाली खरंच काही दिसलं तर? आणि काहीच दिसलं नाही तर ही म्हातारी पुन्हा ती चढण चढणार, मरेपर्यंत?

खडकांजवळ होडी थांबवली. दिराने काच बसवली, नळी धरली, उतरला. पाण्यावर त्याची पाठ आणि नळीचं टोक तेवढं दिसे. मधूनच तो बुडी मारून खाली जाई आणि मग काहीच दिसत नसे. तेव्हा सासूबाईंचे ओठ हलत. खडकाला एक वळसा घालून तो परतला, होडीच्या कडेला लोंबकळला आणि काच कपाळावर सरकवली. तोंड नुसतं फुललं होतं.

"काय आसा थंय?" सासूबाईंनी विचारलं.

"आये, काय सांगू तुका! पिवळे मासे, निळे मासे. खडकार फुलां फुलल्यासारखी दिसतत. आणि तळाची रेंव इतकी साफ, सुई पडली तरी दिसात."

"काळोख?"

"काळोख खंयचो? आपल्या खळ्यात पडता तसो उजेड आसा."

"थंड लागता?"

"नाय गे. बरा वाटता. शांत. खरा सांगू? वर येवकच वाटना."

सासूबाईंनी मान हलवली. मग हात पुढे करून त्याच्या ओल्या केसांवर ठेवला.

"तुझ्या बापाशीक पण वाटूक नाय, झिला," त्या म्हणाल्या. "घराक गेल्यार भटाक क्रियेचा सांगून ये."