कॅलिफोर्नियाला न जाणारे पाट

मंडळी, इथल्या जंगलातल्या रिमू नावाच्या झाडाच्या लाकडाचे दोन पाट, अंतरपाटाची काठी आणि अक्षतांचं तबक, हे सगळं मी स्वतःच्या हातांनी घडवलं. कुणाकडे शिकायला गेलो नाही. पाट तंतोतंत सारखे, कारण दोघीही नवऱ्या: कॅलिफोर्नियातली माझी अनघा आणि तिची मेरी. लग्न डिसेंबरात होतं.

आज दुपारी अनघाचा फोन आला. "बाबा, पाट आणू नका. लोकांनी मतदान करून आमच्यासारख्यांच्या लग्नावर बंदी आणली. शेजारच्या आजींनीसुद्धा बंदीलाच मत दिलं. म्हणतात, तू मला आवडतेस गं, पण लग्न म्हणजे लग्न."

त्याच आजी केक करणार होत्या. 

संध्याकाळी जवळच्या बॉटनी उपनगरातले देशमुख माझ्या गराजमध्ये आले. "आता हे पडूनच राहणार ना? मग आमच्या चिरंजीवांच्या लग्नाला विकत देऊन टाका की."

माझं माप सहसा चुकत नाही. पण माझ्या लेकीनं पाटावर उभं राहायचं की नाही, हे तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मतं देऊन ठरवायचं, हे कुठलं माप? तुम्हाला कळलं तर सांगा. मला आता कशाचीच आशा वाटत नाही.

देशमुखांना मात्र मी नाही म्हटलं. आठशे डॉलर देत होते, तरीही.