वितळलेली तार

सगळे त्यांना तारवाले म्हणत. सत्तावीस वर्षं ते एकाच कामामागे हात धुऊन लागले होते. चकतीवर सोन्याचा सूक्ष्म थेंब ठेवायचा, भट्टी तापवायची, आत विषारी वायू सोडायचा. मग त्या थेंबाखालून केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी तार वाढते. ती चिपवर आडवी ठेवून धातूची टोकं जोडायची आणि कडाक्याच्या थंडीत तिच्यात एकच इलेक्ट्रॉन कोंडायचा. बायको पाहुण्यांना सांगे, "ह्यांची तार कुणाला दिसत नाही, आणि हे मला."

चारशेच्या वर तारा वाया गेल्यावर एकीनं दाद दिली. तिच्यातल्या इलेक्ट्रॉनची अवस्था कुणी कल्पना केली नव्हती इतका वेळ टिकली. निबंध छापून आला आणि बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी त्यांना जवळजवळ खोटं पाडलं. सोमवारी तेच दोघे मोजणी पाहायला येणार होते. तारवाल्यांचं सगळं आयुष्य त्या एका तारेवर उभं होतं.

शुक्रवारी दुपारी जमावानं फाटक मोडलं. प्रयोगशाळेच्या धुराड्यातून विष गळतं आणि पोरं खोकतात, अशी आवई आठवडाभर उठली होती. गळती नव्हती, पण ऐकून घेणार कोण? पुढे शेजारचा एक गॅरेजवाला होता. त्याची मुलगी श्वास कोंडून दवाखान्यात पडली होती.

भट्टीच्या दारात मिस्त्री आडवे आले. वीस वर्षं भट्टी तेच सांभाळत. वायूचा सिलेंडर फुटला तर तुम्हीच पहिले मराल, असं ते हात जोडून सांगत होते. गॅरेजवाल्यानं लोखंडी गज फिरवला. तो मिस्त्रींच्या डाव्या डोळ्यावर बसला. ते भिंतीला घासत खाली आले आणि भिंतीवर रक्ताचा पट्टा ओढला गेला.

तारवाल्यांच्या हातात मोठा पाना होता. त्यांनी तो गॅरेजवाल्याच्या जबड्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि, खरं सांगायचं तर, त्यांना बरं वाटलं. तो खाली पडल्यावर त्यांनी आणखी एकदा हाणला.

तेवढ्यात कुणीतरी कपाट पाडलं. त्यातली डबी उघडली आणि त्या तारेची चिप घसरत गर्दीच्या पायांत गेली. तारवाले पाना टाकून चार पायांवर धावले. बरगड्यांत लाथा बसत होत्या, हातावर बूट पडला. त्यांनी चिप उघड्या बोटांनी उचलली, मुठीत धरली आणि अंगाचं मुटकुळं करून मार खात राहिले. पोलिसांनी त्यांना उचललं तेव्हा दोन बरगड्या मोडल्या होत्या. चिपला मात्र ओरखडाही नव्हता.

रविवारी त्यांनी ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तार मधोमध वितळली होती. दोन्ही टोकांना गोळे झाले होते. आपटून तार तुटते, वितळत नाही. अंगातल्या लोकरी स्वेटरवर साठलेली वीज बोटांतून तिच्यात उतरली होती. म्हणून तर मनगटाला जमिनीशी जोडलेली पट्टी बांधल्याशिवाय चिपला शिवायचं नसतं. हे त्यांनीच पन्नास जणांना शिकवलं होतं.

चौकीत फौजदारानं त्यांचा जबाब लिहून तयार ठेवला होता: जमावानं तार नष्ट केली. वकील असलेल्या मेव्हण्याला त्यांनी खरं काय ते सांगितलं होतं. तो समजावू लागला, "भावोजी, सही करा. तुमचं संशोधन गुंडांनी मोडलं म्हटल्यावर जग तुमच्या बाजूला येईल. स्वतः जाळलं म्हणालात तर हसं होईल, आणि ते दोघे म्हणतील, बघा, होतंच काय!"

तो म्हणत होता तसंच होणार होतं. तारवाल्यांनी जबाब दोनदा वाचला. ते वाक्य खोडून खाली लिहिलं, की तार माझ्या हातानं जळाली. डोळा गॅरेजवाल्यानं फोडला, हे तसंच ठेवलं. तो पडल्यावर मी दुसऱ्यांदा मारलं, हेही लिहिलं. मेव्हण्यानं कपाळाला हात लावला.

चौकीतून ते दवाखान्यात गेले. मिस्त्रींचा डावा डोळा काढून टाकला होता. तारवाल्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, त्यांना खुणेनं जवळ बोलावलं आणि सलाईन लावलेल्या हातानं सणसणीत कानाखाली वाजवली. सुई निसटली, चादरीवर रक्त सांडलं.

"माझा डोळा गेला, सर. तारेचा गुन्हाही अंगावर असता, तर त्याला दहा वर्षं आत टाकता आलं असतं."

"डोळ्यासाठी जाईल तो. तारेसाठी नाही."

"आणि तुमचं काय उरलं?"

तारवाल्यांनी निसटलेली सुई उचलून बाजूला ठेवली. त्यांच्या गालावर चार बोटं उमटली होती. मिस्त्रींच्या बायकोनं दार उघडून धरलं आणि खाली बघत म्हणाली, "भाऊ, आता या तुम्ही."

सोमवारी ते दोघे तज्ज्ञ आले. तारवाल्यांनी वितळलेल्या तारेचं छायाचित्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि हे कसं झालं ते सांगितलं. एकानं नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यानं वही न उघडताच पिशवीत परत टाकली.