चौकटीचं माप

अक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी दाराची चौकट बघायच्या, मग माणसं. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून वर, खाली, दोन्ही बाजूंना अशी नजर फिरवायच्या, की घरच्या बाईला वाटावं, हिला चौकटीत वाळवी दिसली की काय. आत या म्हटलं तर म्हणायच्या, "येते की. दार बघू दे आधी. पोरगी ह्यातनंच आत जाणार हाय." पोरगी त्यातनं बाहेर कशी येणार, हे त्या कधी बोलल्या नाहीत. आम्हीही कधी विचारलं नाही.

भवानी पेठेत त्यांना सगळे मापाच्या अक्का म्हणत. काम मात्र रुखवताचं. ज्या घरात लग्न ठरलं, तिथून पत्रिका छापायच्या आधी अक्कांना बोलावणं जायचं. उंच, काटकुळी बाई, कपाळावर विभूती, अंगावर विटकी इरकल, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. एखादी गोष्ट पटली नाही की "ब्याड" म्हणायच्या. ब्याड म्हणजे नको. पण आपल्या 'नको'त थोडी घासाघीस करायला जागा असते. त्यांच्या ब्याडमध्ये ती नसायची.

त्यांच्या हातून काही म्हणजे काही वाया जात नसे. यंत्रमागाच्या कारखान्यातनं चादरीच्या दशांची कातरण गोणी भरून आणायच्या, धुऊन रंगारंगांत वेगळी करायच्या आणि तिचे गोंडे वळायच्या. पिस्त्याच्या टरफलांची कमळं, आइस्क्रीमच्या काड्यांचा झोपाळा, फुटक्या संसारातल्या जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून केलेलं तोरण. दुपारी आम्ही बायका त्यांच्या ओसरीवर शिकायला बसायचो. "शेंगा सोलता येत्यात न्हवं? मग हे बी येतंय," असं म्हणून त्या गोंदाची वाटी पुढं सरकवायच्या. मी जीव तोडून केलेलं पहिलं कमळ त्यांनी हातात फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, "विजू, हे कमळ हाय का कोबी?" मेल्या सगळ्या जणी आठवडाभर मला कोबी म्हणत होत्या. कुणाच्या बारशाला, कुणाच्या वास्तुशांतीला आम्ही मग बाजारातली भेट घेणंच सोडून दिलं. माझ्या दाराला अजून त्यांनीच दिलेलं बांगड्यांचं तोरण आहे.

चौकट मोजायला त्यांच्याकडं एक सुती दोरा असायचा, हळदीत बुडवलेला, कमरेला खोचलेला. मी एकदा चांगली टेप आणून दिली, तर ती त्यांनी फळीवर ठेवून दिली. म्हणाल्या, टेप बघितली की माणसं सावध होतात, कोण आलंय, काय मोजतंय म्हणून मागं मागं फिरतात. दोरा बघितला की म्हणतात, म्हातारी आहे, फिरू दे. मला तेव्हा हसू आलं होतं. दुसऱ्याच्या घरात फिरून हिला असं काय बघायचं असतं, असं मनात येऊन गेलं.

आणि ती गाठ. तोरण सगळं तयार व्हायचं, पण शेवटच्या गोंड्याचा दोर अक्का मोकळा ठेवायच्या. नवऱ्या मुलाच्या घरी स्वतः जाऊन दाराचं माप घेतल्याशिवाय तिथं गाठ मारायच्या नाहीत. पेठेत समजच होता की अक्कांनी गाठ मारली म्हणजे पोरीचं सोनं झालं. मुलीच्या आया मुहूर्तापेक्षा त्या गाठीकडं डोळे लावून बसायच्या. एका घराचं माप घेऊन आल्यावर अक्कांनी गाठ मारली नाही, तेव्हा मुलीच्या मामीनं ती स्वतःच मारली आणि तोरण पाठवून दिलं. त्या मुलीचं नाव आता पेठेत कुणी घेत नाही.

हे सगळं कुठून आलं, ते माझ्या आईला माहीत होतं. अक्कांना एकच लेक, शैला. तिच्या रुखवतासारखं रुखवत आमच्या पेठेत ना आधी झालं होतं ना नंतर झालं, असं आई सांगायची. दाराचं माप मात्र मुलाकडच्यांनी फोनवर सांगितलं होतं आणि अक्कांनी विश्वास ठेवला होता. पंचमीला लेकीला आणायला गेल्या, तेव्हा तोरण दोन्ही बाजूंनी दुमडून खिळ्याला अडकवलेलं दिसलं. सांगितलेलं माप भलत्याच घराचं होतं. दाखवायला एक घर आणि राहायला दुसरं. अक्कांना तिथंच खटकलं, पण बोलायचं कसं म्हणून बोलल्या नाहीत. सण करून लेकीला परत धाडलं. वर्ष व्हायच्या आत निरोप आला की स्वयंपाकघरात भडका उडाला. रुखवत मागनं पोत्यात भरून आलं. अक्कांनी ते चादरीत बांधून माळ्यावर टाकलं आणि त्यानंतर कुणाच्या तोंडच्या मापावर विश्वास म्हणून ठेवला नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं, मंजूचं, लग्न कुर्डुवाडीला ठरलं तेव्हा माझी लेक प्राजू शाळेत होती. मुलगा रेल्वेत, घरात तो आणि त्याची आई, बस. आई फार गोड बोलायची. एकुलता एक मुलगा, घरातलं पहिलंच कार्य, लेक नाही तर सुनेलाच लेक मानणार, असं तिनं आमच्या आईचे हात धरून सांगितलं होतं. आमचे बाबा शाळेत हेडक्लार्क, आयुष्यभर दुसऱ्यांच्या रजा मोजलेला माणूस, ते पहिल्यांदाच असे खूश दिसत होते. मंजूला मुलगाही आवडला होता. दाराच्या मापाचा विषय निघाला तशी ती बाई म्हणाली, एवढ्यासाठी कशाला येता, मी फोनवर सांगते की. अक्का समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "ब्याड."

मी आणि अक्का सकाळच्या गाडीनं गेलो. घर कसं आरशासारखं होतं. सडा घातलेला, तुळस टवटवीत, भांडी लखलखीत. अक्कांनी दोरा काढला, बाहेरची चौकट मोजली. मग देवघराला छोटं तोरण करते म्हणून देवघर मोजलं. मग स्वयंपाकघराचं दार मोजायला आत गेल्या. ती बाई माझ्याशी बोलत बसली, मंजूला काय आवडतं, गोड का तिखट, सकाळी कितीला उठते. चहा आला तो एका चिमुकल्या लाल पाटावर. त्यावर सोनेरी रंगानं पाऊल काढलेलं, कडेला लोकरीचा नाजूक गोंडा. मी म्हटलं, काय सुरेख आहे हो. ती म्हणाली, "असंच. घरात पडून होतं."

अक्का बाहेर आल्या त्या पदरानं हात पुसत. चेहरा राखेसारखा झाला होता. गाडीची वेळ झाली म्हणाल्या. उंबऱ्यावर त्या बाईनं विचारलं, तोरण बरोबर बसेल ना. "माप घेतलंय," एवढंच अक्का बोलल्या.

येताना डब्यात खिडकीशी बसल्या आणि दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली होती, ती तशीच राहिली. मला भूक लागली होती, पण त्यांच्याकडं बघून पुडकं सोडायची हिंमत होईना. मग त्यांनीच विचारलं, "तुला चहा कशावर दिला गं?"

मी सांगितलं, छोटासा पाट होता, पाऊल काढलेला.

"काय लिवलंय त्यावर?"

आठवून बघितलं तर खाली 'तिसरं पाऊल' अशी अक्षरं होती.

"चौथं पाण्याच्या हंड्यावर झाकण हाय," अक्का म्हणाल्या. "सहावं फोडणीच्या डब्याखाली."

सप्तपदीचे पाट होते ते. रुखवतात मुलीकडच्यांनी करून मांडायचे सात पाट, एकेका पावलाचा एकेक. ते कुणी दुकानातनं आणून घरात ठेवत नाही, कुणी कुणाला देतही नाही. ते सुनेबरोबर येतात. आणि त्या घरात सून अजून यायची होती. मी उगीच म्हणून बघितलं, त्या बाईच्या स्वतःच्या लग्नातले असतील. अक्कांनी मान हलवली. तेव्हा असा चमकीचा रंग मिळत नव्हता, आणि लोकर तर अजून मऊ आहे, म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत बोलल्या, "पोरगी टाकत्यात, विजू. उपेगाची वस्तू टाकत न्हाईत."

घरी मोठा गहजब झाला. पत्रिका वाटून झाल्या होत्या, कार्यालय ठरलं होतं, आणि एका लाकडाच्या तुकड्यावरून लग्न मोडायचं? बाबा भयंकर चिडले. कुणी भेट दिले असतील, कुठल्या नातलगाचे असतील, आपण काय पोलीस आहोत का, म्हणाले. अक्कांच्या मनावर परिणाम झालाय, त्यांना सगळ्या घरांत शैलाच दिसते, असंही बोलून गेले, आणि ते अक्कांच्या देखत. आई नुसती रडत होती. मंजू आतनं उठून आली आणि अक्कांच्या पुढ्यात बसली. "अक्का, गाठ मारा," ती म्हणाली. "मला तिथं जायचंय."

अक्का उठून गेल्या. मला वाटलं, रुसल्या. थोड्या वेळानं परत आल्या त्या काखेत चादरीचं गाठोडं घेऊन. कित्येक वर्षं न सुटलेली गाठ त्यांनी दातांनी सोडवली. आतनं शैलाची सप्तपदी निघाली. एकेक पाट पदरानं पुसून त्यांनी मंजूसमोर मांडला. पहिलं, दुसरं, तिसरं. मग एका पाटाएवढी जागा सोडली आणि पुढं पाचवं ठेवलं.

"चौथं शैलाच्या सासरच्यांनी ठिवून घेतलं," अक्का म्हणाल्या. "तिच्या दिवसकार्याला गेले तवा त्यांच्या हंड्यावर होतं. मागायला जीभ उचलली न्हाई."

मग आमचं तयार तोरण त्यांनी मंजूच्या मांडीवर ठेवलं. "गाठ तू मार. मी मारणार न्हाई."

मंजूनं दोर हातात घेतला. ती त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. बाबाही तिकडंच बघत होते. मग तिनं तोरण हळूच खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा एकटे कुर्डुवाडीला गेले. त्या घरी नाही, त्या घराच्या आजूबाजूला. संध्याकाळी आले आणि पायांतल्या चपला न काढता खुर्चीत बसले, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. सून होती, म्हणाले. लांबच्या गावची, गरिबाघरची. नांदून वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी रुळांवर सापडली. घरच्यांनी सांगितलं, चक्कर आली असेल. शेजारीण दार अर्धं लोटून हे बोलली आणि आत जाता जाता एवढंच म्हणाली, की जाताना हंडा भरून, वर झाकण ठेवून गेली होती.

त्या रात्री आमच्या घरात कुणी पाणी प्यायला उठलं तरी दुसरा दचकत होता.

लग्न मोडलं. मंजू वाचली. आता तुम्हाला वाटेल, पेठेनं अक्कांना डोक्यावर घेतलं असेल. छे. लोकांनी तोंडदेखलं कौतुक केलं आणि त्यांना बोलावणं बंद केलं. ठरलेल्या कार्यात ही बाई गाठ मारायची थांबली तर? नसती ब्याद. माझा अजून संताप होतो. ज्या बायकांची लेकरं पाळण्यावरच्या अक्कांनी वळलेल्या गोंड्यांशी खेळली, त्या गल्लीत समोरून येताना नजर चुकवायच्या. एकीनं तर हळदीकुंकवालाही गाळलं. तोवर रुखवत भाड्यानं मिळायला लागलंच होतं. टेबलावर मांडायचं, फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत द्यायचं. त्याचं अक्कांना सगळ्यात वाईट वाटलं. भाड्याचं रुखवत परत जातंय, मग पोरगी त्या घरात होती ह्याची खूण काय राहणार, असं त्या विचारायच्या.

मंजूचं पुढं बार्शीला लग्न झालं. तिथं अक्का गेल्या, चौकट मोजली, सगळ्या घरातनं फिरल्या आणि त्याच उंबऱ्यावर बसून त्यांनी गाठ मारली. मंजूच्या सासूनं त्यांना चहा दिला. माझं लक्ष सारखं बशीकडं जात होतं. अक्का मात्र भुरका मारून निवांत चहा प्यायल्या. त्यांना तसं निवांत मी तेवढं एकदाच पाहिलं.

शेवटी शेवटी हात थरथरायला लागले तशा त्या कुंभारीला भाच्याकडं राहायला गेल्या. मी भेटायला जायची. बोटं अंथरुणावर असली तरी गोंडे वळल्यासारखी हलत असायची. शेवटच्या भेटीत त्यांनी उशीखालनं दोरा काढला आणि माझ्या मुठीत कोंबला. "प्राजूच्या येळंला मी न्हाई," म्हणाल्या. "तू फिर." मी रडले, आणि असं काय बोलता म्हणून त्यांनाच रागावले. महिन्याच्या आत त्या गेल्या. शैलाचे सहा पाट भाच्यानं त्यांच्याबरोबर मातीत ठेवले.

यंदा प्राजूचं ठरलंय. मुलगा पुण्याचा, माणसं चांगली, असं सगळे म्हणतात. त्यांनी दाराचं माप मोबाईलवर पाठवलं, फोटोसकट. प्राजू म्हणाली, आई, रुखवत भाड्यानंच घेऊ, आता घरी कोण करतं. मी म्हटलं, मी करते. सप्तपदीचे सातही पाट मी हातानं रंगवलेत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर तापलेल्या खिळ्यानं तिचं नाव कोरलंय. रंगवलेलं खरवडता येतं. प्राजू हसली, मागच्या बाजूला कोण बघणारंय गं आई.

परवा मी पुण्याला गेले. लिफ्टनं वर जाताना कमरेचा दोरा दोनदा चाचपून बघितला. दार उघडलं, या या म्हणाले, आणि मी उंबऱ्यावरच थांबून वर, खाली, दोन्ही बाजूंना बघत राहिले. मग दोरा काढला. प्राजूची होणारी सासू कौतुकानं हसली. किती जुन्या पद्धती जपता हो तुम्ही, म्हणाली. बोलायला गोड आहे. चहा आला. कप उचलायच्या आधी मी खाली बघितलं. साधी स्टीलची ताटली होती.

तरी मी कप तसाच ठेवला आणि उठले. "आतल्या दारांचं बी माप घेते की," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता, अक्कांचा होता.