मांजराला नाव आहे

माझ्या मामेसासऱ्यांइतका नेमका रागावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. रागावणारे पुष्कळ असतात. त्यांचा राग वाऱ्यासारखा येतो, दारं आपटतो आणि निघून जातो. मामांच्या रागावर पत्ता लिहिलेला असायचा. तो बरोबर त्या माणसापर्यंत, त्या खात्यापर्यंत पोहोचायचा आणि उत्तर मिळेपर्यंत दारात उभा राहायचा. नागपूरला वीजखात्यात इंजिनियर म्हणून उभी नोकरी करून, मामी गेल्यावर ते अमेरिकेत वेस्ट विंडसरला मुलाकडे राहायला आले. मुलाचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. तो सकाळच्या ट्रेनने मॅनहॅटनला जायचा, सून प्रयोगशाळेत. मी घरून काम करणारी, गाडी चालवणारी आणि मुख्य म्हणजे फार न बोलणारी. त्यामुळे मामांच्या रागांची ने-आण माझ्याकडे आली.

त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं ही शिक्षा होती. सिनेमा संपे, दिवे लागत, लोक पॉपकॉर्नचे डबे खुर्चीखाली सरकवून निघत. आम्हीही उठायचो. मामा बसलेले. पडद्यावर नावं सरकत असायची: दिवे लावणारे, तारा ओढणारे, जेवण पुरवणारे, गाड्या हाकणारे. शेवटचं नाव वर निघून जाईपर्यंत मामा जागचे हलत नसत. “आजोबा, इट्स जस्ट क्रेडिट्स,” त्यांची नात कळवळून म्हणायची. “जस्ट?” मामा विचारायचे. “तुझ्या परीक्षेच्या पेपरावर तुझं नाव असते की नसते? मग बस.” झाडू घेऊन आलेला माणूस आमच्या पायांशी येऊन थांबायचा. मामा त्यालाही नाव विचारत आणि हात मिळवत. तोवर पार्किंग रिकामं झालेलं असे आणि माझे यजमान गाडीची किल्ली बोटात फिरवत दात-ओठ खात असत.

मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात आभार मानणारा मुलगा म्हणाला, “आणि पडद्यामागे राबणाऱ्या असंख्य हातांचे आभार.” मामा मधल्या रांगेतून उभे राहिले. “हातांना माणसं जोडलेली असतात. नावं घ्या.” मुलगा पुण्याचा, सभ्य. तो म्हणाला, “काका, घेतली असती हो, पण हॉल रिकामा करायचाय.” “मग अध्यक्षांचं भाषण कमी करायचं होतं,” मामा म्हणाले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. पुऱ्या तळणाऱ्यांची, पातेली घासणाऱ्यांची, खुर्च्या मांडणाऱ्यांची नावं त्यांनी एका पेपर नॅपकिनवर लिहून आणली आणि माइक मागून घेऊन वाचली. अध्यक्ष कोट चढवून घड्याळ पाहत होते. पातेली घासणाऱ्या मावशी मात्र त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात मामांसाठी मसालेभाताची करपलेली खरवड राखून ठेवायच्या. तेवढ्यापुरता मामांचा जगावरचा राग निवळायचा.

मामांच्या खोलीत दोनच तसबिरी होत्या. एक बुद्धाची आणि दुसरी एका अमेरिकन कवयित्रीची, पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरून कापून चिकटवलेली. काळ्या वर्णाची ही बाई मोर्चे काढत, तुरुंगात जात आणि कविता लिहीत आयुष्यभर हिंडली. तिच्या कवितेत ‘मोलकरीण’ कधी येत नाही. कपडे धुणारी, फरशी पुसणारी प्रत्येक बाई स्वतःच्या नावानिशी येते. मामा कॉलेजात असताना ती नागपूरला आली होती. कुणीतरी तिला मामांच्या गल्लीत आणलं, महिला मंडळाच्या बायकांमध्ये बसवलं, आणि तिने वाचलेली कविता मामांनी ओळीमागून ओळ मराठीत सांगितली. ती दुपार मामांच्या पुढच्या सगळ्या दुपारींपेक्षा मोठी होती. विजेच्या खांबांवरून त्यांचं आयुष्य गेलं, पण दिवा लागला तो तिथे, असं ते म्हणायचे.

ती बाई वारल्यावर तिचे सगळे कागद आमच्यापासून तासाभरावरच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले. हे कळल्यापासून दर गुरुवारी मी मामांना तिथे नेऊ लागले. वाचनकक्षाचे नियम कडक: कोट आणि पिशव्या बाहेर कपाटात, शाईचं पेन नाही, एका वेळी एकच फोल्डर. अमेरिकेतलं हे पहिलं ऑफिस की जिथे मामा रागावले नाहीत. उलट त्यांनी घरून पेन्सिलींना टोक काढून न्यायला सुरुवात केली. कवितांचे खर्डे, मोर्च्यांची पत्रकं, तुरुंगातून बहिणीला लिहिलेली पत्रं, दाताच्या डॉक्टरची बिलं, सगळं ते सारख्याच आदराने वाचत. परतीच्या वाटेवर मला बातम्या मिळायच्या. “सूनबाई, ‘अंगण’ हा शब्द तिने चार वेळा खोडला आणि पाचव्यांदा तोच ठेवला,” किंवा “बाईंची अक्कलदाढ फार छळून राहिली होती.”

मग फोटोंची पेटी आली. मी शेजारच्या टेबलावर माझं पुस्तक वाचत होते. मामांनी मला खुणेने बोलावलं. फोटोत कवयित्री खुर्चीवर बसलेली, मागे सहा बायका उभ्या. डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर. “ते माझं,” मामा म्हणाले, “त्याचं सोड. ही बघ.” दुसऱ्या बाईवर त्यांनी बोट नेलं, पण टेकवलं नाही. ती माझी सासू होती. मी त्यांना पाहिलं ते पांढऱ्या केसांच्या, संधिवाताच्या. इथे त्या विशीतल्या होत्या, पदर खांद्यावर घट्ट ओढलेला, आणि कॅमेऱ्याने काही आगाऊपणा केल्यासारख्या त्याच्याकडे बघत होत्या. सूचीत त्या फोटोपुढे लिहिलं होतं: ‘कवयित्री, भारतातील अनोळखी स्त्रियांसमवेत.’ मामांनी ती ओळ वाचली. मग तिच्या वरची वाचली: ‘कवयित्री, तिच्या मांजरासह.’ पुढे मांजराचं नाव. तेही आडनावासकट.

“मांजराचं नाव लिहून राहिले,” मामा म्हणाले, “अन् माझ्या ताईचं नाही!”

वाचनकक्षात एवढ्या मोठ्याने कुणी बोलत नाही. संग्रह सांभाळणारी बाई उठून आली. पन्नाशीची, चष्मा दोरीला अडकवलेला. ती शांतपणे म्हणाली की फोटोंच्या मागे कवयित्रीने जे लिहिलं तेच आम्ही सूचीत घेतो. मांजराचं नाव तिने लिहिलं होतं, इथे फक्त ‘नागपूर, मैत्रिणी’ एवढंच आहे. मामांनी फोटो उलटून पाहायला मागितला. ते तिचंच अक्षर होतं. मामा खाली बसले. ग्रंथालयावरचा त्यांचा राग जागच्या जागी वळला आणि घरच्या भिंतीवरच्या तसबिरीकडे निघाला. “बाई, तुम्हीसुद्धा?” ते पुटपुटले. जिने जन्मभर फरशी पुसणाऱ्यांची नावं कवितेत कोरली, तिला घरी परतल्यावर सहा नावं लिहायला पेन्सिल मिळाली नाही. महिनाभर त्यांनी तिची कविता वाचली नाही. तसबीर मात्र उतरवली नाही. अबोला धरायला माणूस समोर लागतं.

पाच नावं त्यांनी त्याच दिवशी सांगितली, आडनावांसकट. सहाव्या बाईचं आठवेना. “आधार काय म्हणून लिहू?” बाईने विचारलं. “मी,” मामा म्हणाले. “आय ॲम द सोर्स.” काही आठवड्यांनी तिचा मेल आला, ओळ अशी चालेल का म्हणून. प्रत्येक नावाआधी ‘बहुधा’ घातलेलं, आणि शेवटी ‘एक अनोळखी स्त्री’. मामांनी मला बसवून उत्तर सांगितलं: ‘दुसऱ्या क्रमांकावर उभ्या असलेल्या बाईने मला लहानाचा मोठा केला. मी “बहुधा” मोठा झालेलो नाही.’ बाईने सगळे ‘बहुधा’ काढले, वर दिलगिरी लिहिली. आता ओळ छापायला काहीच हरकत नव्हती. मामा अडून बसले. “पाच नावं अन् एक अनोळखी? म्हणजे तिला एकटीलाच रांगेतून बाहेर काढायचं? सहा नाहीतर एकही नाही. थांबायला सांग.”

“मामा, निदान आईचं तरी नाव लागू द्या ना यार,” माझे यजमान म्हणाले.

“तुझी आई थांबेल. तिला रांगेची सवय होती.”

मग नागपूरला फोन सुरू झाले. फोटो व्हॉट्सॲपवरून गल्लीतल्या जुन्या माणसांपर्यंत, त्यांच्या मुलांपर्यंत फिरला. सगळ्यांनी तिला लगेच ओळखलं. “अरे, ही तर गौतमची आई!” गल्लीत खुर्ची एकट्या तिच्याच घरी होती आणि पाहुणीसाठी ती तिनेच डोक्यावरून आणली, हेही सगळ्यांना आठवलं. नाव? नाव कुणालाच आठवेना, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. गौतम तरुणपणीच वारला होता, घर विकलं गेलं होतं, पुढचं कुणी सापडेना. मामा प्रत्येकावर चिडले. “तिच्या घरचं पाणी प्यायलात की नाही तुम्ही? मग?” एका मित्राने उलट विचारलं, “तू तर जेवायला असायचास तिच्याकडे. तू काय म्हणायचास तिला?”

फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ते ऐकलं. “गौतमची आई,” मामा म्हणाले.

त्यानंतर मामा रागवायचे थांबले. आम्हाला आधी हायसं वाटलं आणि मग भीती वाटली. मी एकदा सुचवलं की ‘गौतमची आई’ असंच लिहू या, सगळे तसंच म्हणत होते. ते म्हणाले, “ते गौतमचं नाव झालं, सूनबाई.” तेवढंच. गुरुवारी ते ग्रंथालयात येत, तोच फोटो मागत आणि पेन्सिल न उचलता समोर घेऊन बसत. सिनेमाला गेलो तर नावं सरकायला लागण्याआधीच उठत. नात म्हणाली, “आजोबा, बसू या ना.” ते दारापर्यंत पोहोचलेले असत.

हिवाळ्यात ते गेले. हृदय थांबलं, झोपेत, कुणाला न बोलावता. मला त्यांचा फार राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही. स्वतःच्या बहिणीचं नाव अडवून ठेवायचं, एका अख्ख्या गल्लीला दोषी ठरवायचं, आणि उत्तर न घेताच निघून जायचं, ही काय रीत झाली?

वसंतात संग्रहाच्या बाईंचा मेल आला: पाच नावं आता लावायची का? मी गुरुवारी एकटीच गेले. कोट कपाटात ठेवला. बाईंनी फोटो फोमच्या उशीवर मांडला. मी पाच नावं एकेक करून म्हटली, त्या माझ्यामागून म्हणत गेल्या. सासूबाईंचं नाव त्यांना तिसऱ्या खेपेला जमलं. वत्सला. सहाव्या बाईपाशी आम्ही थांबलो. ती कडेला नव्हती, अगदी कवयित्रीच्या पाठीमागे होती, आणि तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. स्वतःच्या वस्तूवर ठेवतात तसा, सहज. मी पेन्सिल घेऊन इंग्रजीत लिहिलं: ‘सहावी, जिच्या घरची ही खुर्ची आहे. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.’

बाईंनी ते वाचलं. “‘आम्ही’ म्हणजे कोण म्हणून लिहू?” त्यांनी विचारलं.

“तिच्या घरी जेवलेले,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ती ओळ जशीच्या तशी सूचीत घेतली. ‘अनोळखी’ हा शब्द त्या फोटोपुढून गेला. ते काम मी केलं याचा मला अभिमान वाटायला हवा होता. मी पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले, शेजारच्या सीटचा पट्टा सवयीने ओढून पाहिला, आणि ओळ पुन्हा मनात म्हटली. मामांना ती पसंत पडली नसती. त्यात काहीतरी कमी आहे, हे त्यांनी पहिल्या सिग्नलच्या आत दाखवून दिलं असतं. काय कमी आहे ते मी शोधत राहिले. मला काही सापडेना, आणि सांगणारं कुणी नव्हतं.