बाबांनी भिंतीचं सांगितलं आणि स्थळ गेलं

मंडळी, हे आपल्या भित्तिपत्रकावर आजच लावतेय. उद्या हिंमत राहणार नाही.

माझे बाबा अणुभट्टीत इंजिनीअर. सुट्टीच्या दिवशी शाळा-वाचनालयांत स्लाइड्स दाखवून लोकांना किरणोत्सर्ग समजावतात. आज सकाळी मुलुंडला आमच्याकडे मला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी बाबांचं घाटकोपरचं भाषण ऐकलेलं. "झकास बोलता हो तुम्ही!" म्हणाले.

मग मुलाच्या आईने हळूच विचारलं, "तुमच्या त्या कामामुळे हिला पुढे मुलंबाळं व्हायला काही त्रास नाही ना?"

बाबा खुललेच. "अहो, अजिबात नाही! थोडा किरणोत्सर्ग सगळीकडेच असतो. या भिंतीतूनसुद्धा येतो."

बाईंनी खुर्ची भिंतीपासून पुढे ओढली.

मी डोळ्यांनी खुणावत होते, पण बाबा सुटलेच होते. चहा अर्धा टाकून पाहुणे उठले. दुपारी मध्यस्थ काकांकडून नकार आला. मुलगा मला आवडला होता यार.

आत्ता बाबा विचारत होते, "अजून सोपं करून सांगायला हवं होतं का गं?"

तुम्हीच सांगा, खरं याहून सोपं कसं करतात?