हात न लावता सांगितलेलं दुखणं

“तोंड बंद ठेव. दम लागणार नाही.”

डॉक्टर दवाखान्याच्या ओट्यावरून बोलला आणि बाकावरची माणसं खदखदली. मी पायऱ्यांखाली उन्हात उभी. आम्हा महारांनी तिथंच उभं राहायचं. कंपाउंडर वरून बाटलीत औषध ओतायचा. नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला माझा लाल चट्टा उन्हानं पेटला होता. बोटांचे सांधे सुजलेले, अंगात ताप. श्वास ओढला की बरगडीत सुरी फिरायची. छातीला नळी न लावताच त्यानं ठरवून टाकलं, ही बाजारात ओरडणारी बाई, ओरडूनच दमते.

ओरडत होते, खरं आहे. मी नांदुऱ्याच्या बाजारात बकऱ्या विकते. एका लंगड्या बकरीपासून कळप उभा केला. तिथं सौदा उपरण्याखाली, एकमेकांची बोटं दाबून होतो. शेजाऱ्यालाही भाव कळत नाही. माझी बोटं कोण धरणार? म्हणून मी भाव चारचौघांत ओरडायची. दम गेला की धंदा गेला.

माझं डोकं फिरलं. पायऱ्या चढले, त्याच्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसले.

“ऊठ आधी! बाटवलंस सगळं.”

“उठीन. पयले पाठीले नळी लावा.”

बाकावरचा पाटील गुरगुरला, “काऊन वं, लाज बाजारात इकली का?”

“तुमाले इकलेल्या बोकडासंगच इकली, पाटील. भाव बरा भेटला.”

बाकाच्या टोकाला बसलेली, बांगड्या विकणारी मुसलमान म्हातारी पुटपुटली, “साहेब, बसलीच हाय, त पाहून घ्या ना. आमाले बी घरी जायाचं हाय.”

त्यानं लुगड्यावरूनच नळी टेकवली. डावीकडे. उजवीकडे. मग बोट ठेवून पाठीवर ठोकलं. परत ठोकलं. चेहरा उतरला.

“उजव्या फुप्फुसाभोवती पाणी झालंय. नागपूरला जा.”

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाणी काढलं. क्षयाचे जंतू सापडले नाहीत. चट्टा, सांधे, ताप आणि पाणी एकत्र धरून तिथल्या डॉक्टरनं नाव सांगितलं: ल्यूपस. दुखणं एकच, दिसतं चार रूपांनी. पक्कं औषध नाही.

ओट्यावरच्या डॉक्टरनं मी गेल्यावर स्टूल धुवून घेतलं, असं मागाहून कळलं.

मला दम अजून लागतो. पण आमच्या वस्तीतलं कोणी आजारी पडलं की मी सोबत जाते. थेट आत नेते. डॉक्टरचा हात छातीला लागेपर्यंत आजाऱ्याला स्टुलावरून उठू देत नाही, आणि मीही दारातून हलत नाही.